कलिलाचे माप

बंगळूरच्या दक्षिणेस, तमिळनाडूची सीमा जेथे हाकेच्या अंतरावर येते, तेथे आनेकल हे तालुक्याचे गाव आहे. कन्नडात 'आने' म्हणजे हत्ती आणि 'कल्लु' म्हणजे दगड. पण 'आनेकल्लु' हा जोडशब्द वळवाच्या पावसात पडणाऱ्या गारेसाठीही वापरला जातो, आणि गावाच्या नावाची उकल करू पाहणारा या दोन अर्थांच्या मध्ये घुटमळत राहतो. एका अर्थी धोंडा, दुसऱ्या अर्थी तळहातावर विरघळून जाणारी बोराएवढी गार. आकारासंबंधीचा संभ्रम असा गावाच्या नावातच वस्तीला आला आहे.

या भागातली माती तांबडी. पावसाळ्यात तळ्यांत येणारे पाणी गेरू कालवल्यासारखे दिसते आणि पाऊस थांबून कित्येक दिवस लोटले तरी ते निवळत नाही. वाळू काही क्षणांत तळाशी बसते, तिच्याहून बारीक गाळ तासा-दोन तासांत बसतो. मात्र त्याहीपलीकडचे जे काही असते ते बसण्याचे नावच घेत नाही. एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, एवढा व्यास असलेला मातीचा कण स्तब्ध पाण्यात दिवसाकाठी आठ सेंटीमीटरच्या आसपास उतरतो. त्याच्या दशांश व्यासाचा कण दिवसभरात एक मिलिमीटरही खाली येत नाही. आणि तेवढ्याच अवधीत पाण्याच्या रेणूंचे धक्के खात तो जवळजवळ तितकाच इकडेतिकडे भटकलेला असतो. पडणे आणि भटकणे यांचे पारडे जेथे असे सम होते, तेथपासून कलिलाचे राज्य सुरू होते.

'कलिल' हा शब्द मराठी विज्ञानलेखनाने संस्कृतातून उचलला आणि मराठी विश्वकोशानेही तो रूढ केला. इंग्रजीतील मूळ संज्ञा टॉमस ग्रॅहम या रसायनशास्त्रज्ञाने १८६१ साली घडविली ती सरस या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. आपल्या परिभाषाकारांनी सरसाचा चिकटपणा मागे ठेवला आणि गढूळपणा घेतला. भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात हा शब्द मोहाच्या जोडीने येतो. भाष्यकार त्याचा अर्थ कालुष्य असा लावतात, कोणी गहन अरण्य असाही लावतात. बुद्धीने जे तरून जायचे ते कलिल. पारिभाषिक शब्द बनविणाऱ्यांवर रूक्षतेचा आरोप नेहमी होतो. या एका शब्दापुरता तरी तो मागे घ्यावयास हवा.

आनेकल तालुक्यात आज केवळ तळी आणि रागीची शेते नाहीत. बोम्मसंद्र, जिगणी, अत्तिबेले येथे औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या आणि इलेक्ट्रॉनिक सिटी म्हणून जिचा गाजावाजा झाला ती नगरीही याच तालुक्याच्या कुशीत आहे. या वसाहतींत औषधे तयार करणारे कारखाने आहेत, आणि औषधांच्या कारखान्यांत कलिलांचे मापन हे रोजचे काम असते. अशाच एका प्रयोगशाळेत, जिचे नाव येथे अनावश्यक आहे, बेळगावहून आलेली एक रसायनशास्त्रज्ञ स्त्री काम करते. घरात मराठी, गल्लीत कन्नड अशा वातावरणात वाढलेली. त्यामुळे आनेकलला ती परकी ठरली नाही. तिच्यापुढे येणारा नमुना दुधासारखा पांढरा असतो. तेलाचे अतिसूक्ष्म थेंब पाण्यात विखुरलेले, शिरेतून रोग्याच्या शरीरात सोडण्यासाठी सिद्ध केलेले. थेंब किती मोठे आहेत हे सांगणे एवढेच तिचे काम. पण या 'एवढेच' मध्ये पुष्कळ काही आहे. कारण शरीरातल्या बारीकात बारीक रक्तवाहिन्यांची रुंदी काही मायक्रॉनांचीच असते आणि तेथे मोठ्या थेंबाला वाट मिळत नाही.

मोजण्याची रीत वरकरणी सोपी आहे. काचेच्या छोट्या चौकोनी कुपीत विरल केलेला नमुना घालायचा, त्यातून लेसरचा किरण पाठवायचा, आणि कणांनी विखुरलेला प्रकाश कसा लुकलुकतो हे यंत्राने टिपायचे. लहान कण चपळ, म्हणून त्यांचा लुकलुकाट द्रुत. मोठे कण मंद, म्हणून त्यांचा विलंबित. या लयीवरून यंत्र कणाची गती काढते आणि गतीवरून आकार. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी, ती ही की यंत्राने आकार पाहिलेला नसतो. त्याने एक चांचल्य पाहिलेले असते आणि बाकीचे सारे अनुमान असते. कण गोल आहे, एकटा आहे, शेजाऱ्याशी त्याची ओढाताण नाही, पाण्याचा दाटपणा, ज्याला परिभाषेत श्यानता म्हणतात, तो ठाऊक आहे, इतकी गृहीते त्या एका आकड्याच्या पोटात दडलेली असतात. मातीच्या कणांचे माप ते पाण्यात किती वेगाने बुडतात यावरून काढण्याची जी जुनी रीत आहे, तिचेही असेच. चिकणमातीचा कण पापुद्र्यासारखा चपटा असतो. रीत मात्र त्याच वेगाने बुडेल अशा एका गोलाचा व्यास सांगते. तो गोल पाण्यात कोठेच नसतो.

प्राचीनांना या अडचणीची जाणीव नव्हती असे म्हणवत नाही. झरोक्यातून आलेल्या कवडशात तरंगणारा जो कण दिसतो त्याला त्यांनी 'त्रसरेणू' म्हटले आणि मनुस्मृतीत वजनांच्या कोष्टकाचा प्रारंभ त्याच्यापासून केला. पण कवडशातला कण दिसतो तो त्याच्या आकारामुळे नव्हे, त्याने विखुरलेल्या प्रकाशामुळे. आणि प्रकाशाची साक्ष फार पक्षपाती असते. प्रकाशाच्या तरंगलांबीहून पुष्कळ लहान असलेल्या कणांच्या बाबतीत विखुरलेल्या प्रकाशाची तीव्रता व्यासाच्या सहाव्या घाताने वाढते. म्हणजे दहा नॅनोमीटरचे दहा लाख कण मिळून जितका प्रकाश फेकतात तितका शंभर नॅनोमीटरचा एक कण एकटाच फेकतो. कुपीला बोट लागले, गाळणीतून धुळीचा एखादा कण निसटला, की यंत्र त्या उपऱ्याचेच गुणगान करीत बसते आणि खरी वस्ती त्याला दिसेनाशी होते. (वाङ्मयेतिहास लिहिणाऱ्यांनी या सहाव्या घाताचा विचार कधीतरी करावयास हरकत नाही. एका मोठ्या नावाच्या झळाळीखाली एखाद्या दशकातले किती लेखक अदृश्य झाले, याची मोजदाद कोणत्याच इतिहासाने केलेली नाही. आणि ते लेखक लहान होते हा निष्कर्षही त्याच झळाळीच्या आधारे काढलेला असतो.)

प्रकाशाच्या या विखुरण्याशी, म्हणजे प्रकीर्णनाशी, बंगळूरचे नाते जुने आहे. चंद्रशेखर वेंकट रामन १९३३ साली कलकत्त्याहून येथल्या भारतीय विज्ञान संस्थेत आले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली आर. एस. कृष्णन यांनी कलिलांनी विखुरलेल्या प्रकाशाच्या ध्रुवणाचा जो अभ्यास केला, त्यातला एक परिणाम त्यांच्या नावानेच ओळखला जातो. रामन यांच्या परंपरेत द्रव पदार्थ पुनःपुन्हा ऊर्ध्वपातित करून धूळमुक्त करण्यावर जो कटाक्ष होता, त्याचे मर्म आज लेसरसमोर बसणाऱ्याला अधिकच पटावे.

परंतु कणांच्या मापातील चुकांची सर्वांत बोधप्रद कथा पॅरिसमध्ये घडली, आणि तिच्यात एका अर्थाने आपले कोकमही आहे. झाँ पेरँ या भौतिकीविदाने १९०८ च्या सुमारास रेवाचिनीच्या शिऱ्याचे कण अभ्यासासाठी घेतले. हा पिवळा डिंक ज्या झाडापासून मिळतो ते आपल्या कोकमाच्याच प्रजातीतले. चित्रकारांच्या पेटीतला हा पिवळा रंग पाण्यात घोळला की त्याचे गोल कण होतात, पण ते निरनिराळ्या आकारांचे. पेरँने एक किलो डिंक घेऊन तो पुनःपुन्हा केंद्रोत्सारी यंत्रात फिरवून निवडला. कित्येक महिन्यांच्या खटाटोपानंतर एकसारख्या कणांचा जो अंश हाती लागला त्याचे वजन ग्रॅमच्या काही दशांशांइतके होते. एकसारखेपणा इतका महाग असतो.

त्यानंतर प्रश्न आला तो कणाच्या त्रिज्येचा. पेरँला सिद्ध करावयाचे होते रेणूंचे अस्तित्व, आणि त्याच्या गणितात कणाचे आकारमान येत होते. आकारमानात त्रिज्येचा घन येतो. त्रिज्येत पाच टक्क्यांची खोट राहिली तर आकारमानात ती पंधरा-सोळा टक्क्यांवर जाते. म्हणून त्याने एकाच रीतीवर विसंबणे नाकारले. सुकताना कण एकापुढे एक अशा रांगा करतात, त्या रांगांची लांबी मोजली. ठाऊक असलेल्या वजनातले कण काचेला चिकटवून ते एकेक करून मोजले. आणि कणांचा ढग पाण्यात किती वेगाने खाली सरकतो ते पाहिले. तिन्ही वाटा जवळजवळ एकाच आकड्यापाशी येऊन थांबल्या: त्रिज्या ०.२१२ मायक्रॉन. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली निरनिराळ्या उंचींवरचे कण मोजता मोजता त्याने तेरा हजार कणांची नोंद केली. वायुमंडलाची हवा उंचीबरोबर विरळ व्हावी तशी त्या थेंबभर पाण्यात कणांची दाटी दर तीस मायक्रॉनांना निम्मी होत होती. १९२६ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. त्याने काढलेली ॲव्होगाड्रो संख्या, एकावर तेवीस शून्ये घेतलेल्या राशीच्या ७.०५ पट, आजच्या ६.०२२ च्या तुलनेत बरीच चढी होती, हेही येथेच नोंदवलेले बरे. तीन साक्षीदार एकमुखाने बोलले तरी उरणारी खोट ती हीच.

या कथेचा दुसरा अंक आइन्स्टाइनचा. १९०५ साली झ्युरिक विद्यापीठाला सादर केलेल्या प्रबंधात त्याने साखर विरघळल्याने पाणी किती दाट होते यावरून रेणूचा आकार आणि हीच संख्या काढली होती. उत्तर आले त्याच राशीच्या २.१ पट, म्हणजे आजच्या मानाने जवळजवळ तृतीयांश. अधिक चांगली आधारसामग्री घेऊन त्याने ते ४.१५ वर आणले. पण तेथेच ते अडले. पेरँचा विद्यार्थी बाँसलँ याने डिंकाच्या कणांवर प्रयोग केला तेव्हा दिसून आले की, आइन्स्टाइनच्या सूत्रात जेथे १ हा गुणांक होता तेथे प्रयोग ३.९ मागत होता. आइन्स्टाइनने आपले गणित तपासले, त्याला चूक सापडली नाही. मग ते त्याने लुडविग होप्फ या आपल्या तरुण सहकाऱ्याच्या हाती दिले. होप्फला ती सापडली. गुणांक १ नव्हे, २.५ असावयास हवा होता. १९११ साली दुरुस्ती प्रसिद्ध झाली आणि संख्या ६.५६ झाली. बाँसलँचा ३.९ देखील अचूक नव्हता. पुन्हा मोजल्यावर तो २.९ वर आला. एका चुकलेल्या मापाने दुसऱ्या चुकलेल्या गणिताला शुद्ध केले, आणि होप्फचे नाव मात्र आज विशेषज्ञांच्या टिपांबाहेर कोणी घेत नाही.

यंत्रे सुधारली म्हणून हा प्रश्न सुटला असे नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेने सोन्याच्या सूक्ष्म कणांचे प्रमाण-नमुने तयार केले, त्यांतला एक नाममात्र तीस नॅनोमीटरचा. सुईच्या टोकाने उंची चाचपणाऱ्या सूक्ष्मदर्शकाने त्याचा व्यास २४.९ सांगितला, क्ष-किरणांनीही २४.९, पारगामी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने २७.६, मागे विखुरलेल्या लेसरच्या प्रकाशाने २८.६. प्रमाणपत्रावर हे सारे आकडे शेजारी शेजारी छापले आहेत, एकाला खरा ठरवून बाकीचे खोडलेले नाहीत. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक कोरडा कण पाहतो. प्रकाश पाहतो तो पाण्याचे पांघरूण ओढून हिंडणारा कण. दोघांचा विषय एक नाही. शास्त्रज्ञांनी हे शांतपणे मान्य केले आहे. एकाच अभंगाच्या दोन अर्थांवरून पिढ्यान्पिढ्या वैर धरणाऱ्या साहित्यविश्वाला ते अजून साधलेले नाही.

बेळगावच्या त्या स्त्रीला हे सारे पुस्तकातून ठाऊक होते. ठाऊक असणे आणि नमुना हातात असताना आठवणे यांत अंतर असते. तिच्या प्रयोगशाळेत त्या पांढऱ्या औषधासाठी थेंबांच्या सरासरी व्यासाची मर्यादा २५० नॅनोमीटर होती. एका पावसाळ्यात एका घाण्याचे, म्हणजे एका खेपेला तयार झालेल्या मालाचे, माप आले २६१. नियमाप्रमाणे माल टाकून देण्यात आला. माल टाकला की कारण शोधले जाते आणि कारण शोधले की माणूस सापडतो. तेल आणि पाणी प्रचंड दाबाने बारीक फटीतून ढकलणाऱ्या यंत्रावर त्या रात्री कंत्राटी कामगार होता, आनेकलमधल्या विणकर घरातला पंचविशीचा मुलगा. त्याने दाब पुरता ठेवला नसावा असे ठरले. ठरले म्हणजे तसे कोणी पाहिले नव्हते. थेंब मोठे निघाले एवढाच पुरावा. दोन आठवड्यांनी कंत्राटदाराने त्याला येऊ नकोस म्हणून सांगितले.

त्यानंतर तीन-साडेतीन महिन्यांनी एका सकाळी तिच्या हाताखालचा वृद्ध परिचर कुप्या भरीत होता. नमुना विरल करण्यासाठी लागणारे पाणी अतिसूक्ष्म गाळणीतून गाळून बाटलीत भरून ठेवलेले असे. त्यात जंतू वाढू नयेत म्हणून ती बाटली फ्रिजमध्ये ठेवण्याची पद्धत कोणीतरी पाडली होती. परिचराने भरलेली कुपी बोटांत धरली आणि सहज म्हणाला, "इन्नू तण्णगिदे, मेडम." अजून गार आहे. तिने ऐकले, मान डोलावली, आणि मग काही वेळाने ती आपल्या जागेवरून उठली.

पाणी वीस अंशांवर असते तेव्हा त्याची श्यानता पंचवीस अंशांवरच्या पाण्यापेक्षा सुमारे साडेबारा टक्क्यांनी अधिक असते. गार पाण्यात कण संथ चालतो. यंत्राला पाणी पंचवीस अंशांचे आहे असे सांगितलेले असेल तर त्या संथपणाचा अर्थ ते एकच लावू शकते: कण मोठा आहे. पाच अंशांच्या फरकाने व्यास चौदा-पंधरा टक्क्यांनी फुगतो. यंत्राचा खाचा पंचवीस अंशांवर असतोच, पण कुपीतल्या पाण्याला तेथवर पोहोचण्यास काही मिनिटे लागतात, आणि ती मिनिटे थांबण्याची सूचना कोणीतरी, घाईच्या एखाद्या दिवशी, शून्यावर आणून ठेवलेली होती. धुळीपासून आणि जंतूंपासून पाण्याला जपण्याच्या दक्षतेनेच ही दुसरी चूक जन्माला घातली.

तिने जुने कागद काढले. त्या घाण्याची तीन वाचने होती: २८१, २५८, २४४. सरासरी २६१, खाली तिचीच सही. आकडे उतरत होते. यदृच्छेने होणारी चूक आकड्यांना खालीवर हलविते. एकाच दिशेने उतरणारे आकडे काहीतरी बदलत असल्याचे सांगतात, आणि येथे पाणी तापत होते. सरासरीने ही उतरण पुसून टाकली होती. राखीव नमुन्याची बाटली अजून होती. कोमट झालेल्या पाण्यात, दहा मिनिटे थांबून, तिने ती मोजली: २२९. पुन्हा २२८, पुन्हा २३०. येथे एक शंका संभवते की, तीन महिन्यांत थेंब बदलले असतील. पण अशा मिश्रणातले थेंब काळाबरोबर एकमेकांत मिसळून वाढतात. कपाटात ठेवल्याने ते लहान होत नाहीत. आज ते २२९ असतील तर त्या रात्री त्याहून मोठे नव्हते. दाब पुरता होता.

तिने लेखी कळविले. त्यात धैर्य किती आणि नाइलाज किती हे ठरविण्याचे कारण नाही. कागदावर सही तिची होती आणि ती गप्प राहिली असती तर कोणाला कळले नसते, इतके खरे. वरिष्ठांनी ते नोंदवून घेतले, बाटली फ्रिजबाहेर ठेवण्याचा आदेश निघाला, थांबण्याची मिनिटे पुन्हा भरण्यात आली. टाकलेला माल परत येणार नव्हता. कामगाराचा विषय कंत्राटदाराकडचा, असे तोंडी सांगण्यात आले. कंत्राटदाराला तो मुलगा कोण हेच आधी आठवेना.

एका रविवारी ती बसने आनेकल गावात गेली. पत्ता विचारीत विचारीत पोहोचली तेथे एका लांबट खोलीत रेशमी साड्यांचे चार यंत्रमाग चालत होते. त्यांच्या खडखडाटात बोलणे अशक्य, म्हणून मुलाने आपला माग बंद केला. कौलांतल्या काचेतून उतरलेल्या उन्हात रेशमाची कुसे तरंगत होती. तिने कन्नडात सांगितले, जितके सोपे करता येईल तितके करून: पाणी गार होते, म्हणून थेंब मोठे दिसले, ते मोठे नव्हते.

"मग मशीन खोटं बोललं?" त्याने विचारले.

"नाही. पाणी गार आहे हे आम्ही त्याला सांगितलं नव्हतं."

तो काही वेळ मागावरच्या ताण्याकडे पाहत राहिला. परत येण्याविषयी त्याने काही विचारले नाही, आणि तिच्याकडे त्याविषयी सांगण्यासारखे काही नव्हतेही. तिने बरोबर आणलेली दुरुस्त अहवालाची प्रत पुढे केली. कागद इंग्रजीत होता. त्याने तो उलटसुलट करून पाहिला आणि आकडा कोठे आहे ते दाखवायला सांगितले. तिने बोट ठेवले.

"आणि किती चालत होतं?"

"अडीचशे."

त्याने मनाशी वजाबाकी केली. "एकवीस कमी," तो म्हणाला. कागदाची घडी करून ती त्याने भिंतीवरच्या देवाच्या तसबिरीमागे खोचली आणि मागाचे बटण पुन्हा दाबले.